वॉटफर्डमधली सायप्रसची भट्टी

निवृत्त झाल्यावर लोक क्रूझवर जातात. डॉक्टर जयंत टिळेकरांनी लंडनजवळच्या वॉटफर्डमधल्या घरामागचा मेथीचा वाफा उखडला आणि तिथे भट्टी बांधली.

त्यांची सगळी नोकरी दुसऱ्यांच्या मोडलेल्या हाडांचे एक्स-रे बघण्यात गेली. आपल्या हातांनी अख्खं असं काही घडवलंच नाही, ही रुखरुख होती. त्यात ईलिंगच्या इव्हनिंग क्लासमध्ये सायप्रसमधल्या प्राचीन भट्ट्यांचे फोटो दिसले आणि ते भूत मानगुटीवर बसलं ते बसलंच.

"कुंभार कुठे राहत होता हे कशावरून कळतं?" जेवताना ते बायकोला सांगत. "विकलेल्या मालावरून नाही. भट्टीत फुटलेला माल तिथेच टाकतात ना, त्या ढिगावरून."

"मग तुमचा अ‍ॅड्रेस लगेच सापडेल," शैलाताई म्हणाल्या. कुंपणापाशी तसा ढीग साचलाच होता. "शनिवारी लास्ट चान्स. एक तरी मडकं धड निघू दे. नाहीतर भट्टी पाडायची आणि माझी मेथी लावायची."

शनिवारी जयंतरावांनी मडकी रचली. ते लाकडं आणायला शेडमध्ये गेले, तेवढा वेळ शैलाताई आपणहून भट्टीपाशी उभ्या राहिल्या. त्यांनी आत डोकावूनही पाहिलं. जयंतरावांना बरं वाटलं. मग त्यांनी वरचं तोंड मातीने लिंपलं आणि जाळ घातला. जाळ छान धरला आणि आत धडाम्‌ झालं. पाठोपाठ बरंच काही कोसळल्याचा आवाज आला.

रविवारी भट्टी उघडली तर नुसत्या खापऱ्या. जयंतरावांचे डोळे भरून आले. पण खापऱ्या उचलताना हाताला एक काळा, वाकडा तुकडा लागला. माती इतकी हलकी नसते. त्यांनी तो अंगठ्याने पुसला. करवंटी होती.

नारळ काही आपल्या पायांनी भट्टीत शिरत नाही. या घरात नवा बॉयलर आला तेव्हाही शैलाताईंनी त्याच्यापुढे कलश मांडला होता, आणि जयंतराव महिनाभर हसले होते. म्हणून या वेळी बाईंनी गुपचूप घागरीवर नारळ ठेवला. तो तापला आणि बॉम्बसारखा फुटला.

जयंतरावांचा पारा चढला. दात-ओठ खात ते घराकडे निघाले आणि पायरीपाशी थबकले. जिला भट्टी पाडायची आहे, ती नारळ कशाला ठेवेल?

ते मागे वळले. करवंटी त्यांनी ढिगात खोल खुपसली. पुढेमागे कुणी इथे खणलं, तर त्या बिचाऱ्याची अख्खी पीएच.डी. या तुकड्यापायी जाणार होती.

शैलाताई चहा घेऊन बाहेर आल्या.

"ठरल्याप्रमाणे भट्टी पाडतो," जयंतराव म्हणाले. "तू मेथी लाव."

"कुठे लावू? तिथे भट्टी आहे." त्यांनी कप हातात दिला आणि ढिगाकडे न बघता त्या म्हणाल्या, "नेक्स्ट टाइम नारळ बाहेर ठेवू."