उसवलेला सिंह

माझी मावशी शिंपीण. लग्नाचे कपडे शिवून तिने धाकट्या भावंडांना शिकवलं, पण तिचा खरा जीव भरतकामात. खिडकीशी मशीन, दाराशी भरतकामाची चौकट, आणि आम्हा भाचरांना बसायला उंबरा, अशी तिची खोली. तिच्या कामाची मागची बाजूही पुढच्याइतकीच स्वच्छ असायची. आई म्हणायची, "मागचं कोण बघतंय?" मावशी म्हणायची, "मी बघते ना."

आम्ही ज्यू. देवाला रूप नाही असं आम्ही मानतो, म्हणून आमच्या प्रार्थनाघरात मूर्ती नसते, तसबीर नसते. समोर एक कपाट असतं, त्यात धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या, आणि कपाटावर पडदा. जुना पडदा विरला तेव्हा नव्याचं काम मावशीकडे आलं. निळ्या मखमलीवर जरीचा सिंह करायचं ठरलं. पडद्यावर माणसाचा चेहरा आमच्याकडे चालत नाही, सिंह मात्र पूर्वापार चालत आलेला. मावशीला तीन वर्षं लागली. दिवसा गिऱ्हाइकांचे कपडे, संध्याकाळी सिंह. आत कापूस भरून तिने त्याचा पंजा असा उठावदार केला की आता पाऊल टाकेल असं वाटावं. पडदा लागला त्या दिवशी लोकांनी तोंडात बोटं घातली. मावशी मागच्या बाकावर चोरासारखी बसली होती, पण चेहऱ्यावरचा आनंद काही लपत नव्हता.

वर्षभराने वीटभट्टीवरचा मुकादम अंथरुणाला खिळला. त्याच्या बायकोने प्रार्थनेला आल्यावर सहज सिंहाच्या पंजाला हात लावला, आणि पंधरा दिवसांत मुकादम हिंडू-फिरू लागला. बोलाफुलाला गाठ पडली, झालं. एकीने दुसरीला सांगितलं. बघता बघता आत येणारा प्रत्येक जण आधी पंजाला हात लावू लागला, काही जण ओठही टेकवू लागले.

मावशी एकदा पडदा झटकायला गेली तर पंजावरची जर काळी पडलेली. तेवढ्यात बेकरीवाली आली. तिची मुलगी तापाने आजारी होती. मावशीकडे तिचं लक्षच नव्हतं. तिने पंजावर कपाळ टेकलं आणि म्हणाली, "तुला सगळं ठाऊक आहे. तूच बघ आता."

मावशी तडक गुरुजींकडे गेली. प्रार्थनाघराचे धर्मगुरू ते, मोठे अभ्यासू.

"सिंह नियमात बसतो," ते म्हणाले. "लोक भाबडे आहेत. मी समजावून सांगेन."

"सांगितल्यावर थांबतील?"

गुरुजींनी समोरची पोथी मिटून ठेवली.

"बेकरीवाली माझ्या कापसाशी बोलत होती हो," मावशी म्हणाली. "तो कापूस मी जुन्या गादीतून काढलाय."

"तीन वर्षांचं काम आहे तुझं."

"म्हणून तर मीच उसवते. दुसरा कोणी कात्री लावेल तर मखमल फाडून ठेवेल."

चार दिवस ती उसवत होती. मी शेजारी बसून जर गुंडाळत होते. ती रडली नाही. फक्त सिंहाच्या डोळ्यापाशी आल्यावर कात्री खाली ठेवून पाणी प्यायला उठली. "हा सातव्या खेपेला जमला होता," एवढंच म्हणाली.

प्रार्थनाघराचे कारभारी तिच्याशी बोलेनासे झाले. बेकरीवाली तर दारात येऊन उभी राहिली. "माझी पोर तिकडे दवाखान्यात तापाने फणफणलीय, आणि तुम्ही माझा आधारच उसवलात, मावशी."

"आधी बस," मावशी म्हणाली. तिने चहा टाकला. "दवाखान्यात कोण असतं तुझ्याबरोबर?"

"कोण असणार? हे बेकरीच्या भट्टीवर असतात."

दुसऱ्या दिवसापासून मावशीने मशीन झाकून ठेवलं आणि ती दवाखान्यात जाऊ लागली. सतरा दिवस गेली. हातशिलाई बरोबर न्यायची, मुलीला गोष्टी सांगायची, आईला तासभर झोपायला लावायची. एकदा बेकरीवालीने विचारलं, "आता मी कुणाकडे बघून मागू?"

"माझीही तीच अडचण आहे," मावशी म्हणाली. "मी आपली डोळे मिटते."

ताप उतरला. मुलगी घरी आली. गल्लीत कुणीतरी म्हणालं, मावशीच्या हाताला गुण आहे. मावशी धसकलीच. "अगं, औषधं डॉक्टरांनी दिली. मी फक्त काजं केली," ती ज्याला त्याला सांगत सुटली.

त्याच मखमलीवर तिने नुसती धर्मग्रंथातल्या वचनाची अक्षरं भरली, आणि भोवती वेल. कारभाऱ्यांनी पडदा मुकाट्याने लावून घेतला. नंतर गुरुजी तिला म्हणाले, "नियम मला पाठ होता. तो कशासाठी आहे, हे मात्र मी विसरलो होतो." हे मी माझ्या कानांनी ऐकलं. मावशीने घरी कुणाला सांगितलं नाही.

बेकरीवाली पुढे बरीच वर्षं दर गुरुवारी दुपारी यायची आणि मावशीच्या सुयांत दोरा ओवून द्यायची. मावशीची नजर तोवर अधू झाली होती.