नांदेडला न पोचलेलं झाड

आमच्या अपार्टमेंटमध्ये ख्रिस्ती कुटुंब एकही नाही. तरी डिसेंबर लागला की पार्किंगमध्ये ख्रिसमस ट्री उभं राहतं. ते उभं करतात वरच्या मजल्यावरच्या वहिनी. झाड प्लास्टिकचं, छत्रीसारखं मिटणारं. एरवी वर्षभर ते त्यांच्या माळ्यावर कूलरच्या शेजारी पडलेलं असतं. त्या वर्षी वहिनींनी त्याला नव्या माळा लावल्या, खाली कापसाचा बर्फ पसरला आणि सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, "मुलांना सगळे सण कळले पाहिजेत."

माझे मिस्टर दातांचे डॉक्टर. संध्याकाळी दवाखान्यातून आले, पार्किंगमधलं झाड बघून वर आले आणि चपला काढता काढता म्हणाले, "मला या नकली वस्तूंचा फार तिटकारा आहे." दिवसभर लोकांच्या तोंडात कवळ्या बसवून आलेला माणूस हे बोलत होता. मी चहा टाकला.

मुलगी चौथीत होती. ती लगेच म्हणाली, "मग आपण खरं आणू या का?"

"आणू की," ते म्हणाले.

मी कॉलेजात मराठी शिकवते. आपली माती, आपली मुळं या विषयावर मी वर्गात तासभर बोलू शकते, आणि बोलतेही. तेव्हा मी आडवं यायला हवं होतं. पण दिवाळीत याच वहिनींनी माझ्या रांगोळीपाशी उभं राहून "स्टिकर आहे का?" असं विचारलं होतं. त्यामुळे चहाचा कप ठेवून मीही मिस्टरांच्या मोबाईलमध्ये डोकं घातलं.

झाडाच्या फोटोत बर्फ पडत होता, भिंतीत विस्तव पेटला होता आणि स्वेटर घातलेलं एक गोरं कुटुंब झाडाकडे बघून हसत होतं. आमच्याकडे पंखा चालू होता. खाली लिहिलं होतं: खरं झाड, मुळांसकट, कुंडीत, घरपोच. मिस्टरांनी स्वतःच्या खांद्याला लागेल एवढं झाड निवडलं आणि नांदेडचा पिनकोड टाकला. उत्तर आलं की तुमच्या भागात ही सेवा उपलब्ध नाही.

मी माहेरची नांदेडची. सासर लातूरचं. हे दोन जिल्हे एकमेकांकडे कसे बघतात ते मराठवाड्यात कुणाला सांगायला नको, आणि आमच्या घरात तर ते रोज एकाच ताटावर बसतात. मिस्टरांनी लगेच लातूरचा पिनकोड टाकला. हिरवी खूण आली.

"लातूरला मिळतंय," ते म्हणाले. बोर्डाचा निकाल सांगावा तसा आवाज होता.

"आमच्याकडे विमान उतरतं," मी म्हणाले.

"झाडाला विमान काय करायचंय?"

शेवटी असं ठरलं की झाड लातूरला सासूबाईंच्या घरी मागवायचं. पुढच्या आठवड्यात येळवस होती. त्या दिवशी लातूरकडे सगळं गाव शेतात जेवायला जातं, त्यामुळे आम्ही जाणारच होतो. येताना झाड गाडीत घालून नांदेडला आणायचं आणि पार्किंगमधून, वहिनींच्या झाडासमोरून, सावकाश वर न्यायचं. मिस्टरांनी आईला फोन केला. "एक पार्सल येईल, ठेवून घे. नाजूक आहे." आत काय आहे ते सांगितलं नाही. सांगितलं तर ती हजार प्रश्न विचारील, असं त्यांचं म्हणणं.

पार्सलवर नंबर माझा दिला होता. फोन आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये पेपर तपासत होते.

"मॅडम, लातूरहून बोलायलोय. तुमचं पार्सल आणलंय, पण घरातल्या आजी घेईनात."

"का?"

"झाड हाय म्हणलो, तर म्हणायल्यात आमच्या दारात झाडं लई हायत, ज्याच्याकडं न्हाईत त्याला नेऊन दे."

मी त्याला फोन सासूबाईंकडे द्यायला सांगितला. "आई, ते आपलंच आहे," मी म्हणाले.

"आपलं असलं तर खोक्यात कशाला आलं असतं?"

"ह्यांनी मागवलंय."

त्या म्हणाल्या, "दातं काढायचं सोडून हे कधी धरलं त्यानं?" पण पार्सल ठेवून घेतलं.

येळवसेच्या आदल्या दिवशी आम्ही लातूरला पोचलो. कुंडी धुण्याच्या दगडाजवळ पालथी पडली होती. झाड अंगणात, बेलाच्या झाडाशेजारी, आळं करून लावलेलं होतं. आमच्या सासरी रोज लिंगपूजा असते आणि घरात नवीन आलेल्या प्रत्येक वस्तूला सासूबाई विभूती लावतात. फ्रिजला लावली होती, आमच्या गाडीलाही लावली होती. झाडाच्या बुंध्यावर तीन बोटं ठळक उमटली होती.

मिस्टर झाडासमोर उभे राहिले. "आई, हे घरात ठेवायचं असतं."

"घरात झाड?"

"आठवडाभर. दिवे लावून."

"आन मग?"

"मग ठेवू आमच्या गच्चीत."

"तुमच्या गच्चीत तुळस जगली न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "माती धरायलंय ते. आता उपटायचं न्हाई."

मुलीला या वादात रस नव्हता. तिनं नांदेडहून आणलेले सोनेरी गोळे आणि चांदणी काढली आणि तिथंच झाड सजवायला घेतलं. झाडाबरोबर आलेलं इंग्रजी कार्ड तिनं आजीला मराठीतून वाचून दाखवलं. त्यात होतं की झाड विस्तवाच्या जवळ ठेवू नये. सासूबाईंनी वळून पाणी तापवायच्या बंबाकडे पाहिलं. "लांब हाय की," त्या म्हणाल्या.

दिवेलागणीपर्यंत गल्लीतल्या बायका येऊन गेल्या. डॉक्टरच्या आईकडे विलायती झाड आलंय ही बातमी पसरली होती. कुणी हळदीकुंकू वाहिलं. समोरच्या काकूंनी फांदी हातात घेऊन निरखली आणि विचारलं, "ह्याला फळ काय येतं?"

"काही नाही," मिस्टर म्हणाले.

"फूल?"

"शोभेचं आहे."

"सावली बी दिसत न्हाई," काकू म्हणाल्या. "मग कशाला लावलं, बाई?"

सासूबाई झाडाच्या आणि काकूंच्या मधे येऊन उभ्या राहिल्या. "माझ्या लेकानं पाठवलंय," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी मागवलंय त्यानं. लांबून आलंय."

काकूंनी मिस्टरांकडे पाहिलं. मीही पाहिलं. आईला काही पाठवायचं त्यांना कधी सुचलेलं नव्हतं. दिवाळीची साडीसुद्धा मी घ्यायची आणि नाव त्यांचं सांगायची. ते चांदणी सरळ करत म्हणाले, "हो. तिच्यासाठीच." त्यानंतर झाड गाडीत घालायचा विषय निघाला नाही. दुसऱ्या दिवशी शेतात हिरव्या दाण्यांची, बेसन लावलेली भज्जी आणि आंबील घेऊन बसलो तेव्हा सासूबाईंनी भेटेल त्याला झाडाची हकीकत सांगितली, आणि प्रत्येक वेळी ते थोडं आणखी लांबून आलं. संध्याकाळपर्यंत काश्मीर मागं पडलं होतं.

नांदेडला परतलो तेव्हा पार्किंगमध्ये वहिनी भेटल्याच. मुलीनं मैत्रिणींना आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे लपवायला जागा नव्हती.

"खरं झाड येणार होतं ना?" त्यांनी विचारलं.

"आईला दिलं," मिस्टर शांतपणे म्हणाले. "या वयात माणसाला हिरवळ लागते." वहिनींचा चेहरा एकदम मऊ झाला. त्या दिवशी ग्रुपवर मातृसेवेबद्दल त्यांचा मोठा मजकूर आला आणि मिस्टरांनी त्याखाली नम्रपणे आभार मानले. मी मजकुरातलं शुद्धलेखन तपासलं आणि फोन ठेवून दिला.

झाड अजून आहे. उन्हाळ्यात त्याची एक बाजू पिवळी पडली. लातूरला नळ कधी येईल याचा भरवसा नसतो, तेव्हा सासूबाईंनी तांदूळ धुतलेलं पाणी घातलं आणि काठ्या रोवून जुन्या लुगड्याची सावली केली. मिस्टर पूर्वी आईला सणावारी फोन करायचे. आता दवाखान्यातूनच मधेमधे करतात आणि पहिला प्रश्न झाडाचा असतो. परवा मी डबा द्यायला गेले तेव्हा खुर्चीत एक पेशंट तोंड उघडून आडवा होता आणि फोन स्पीकरवर होता.

"शेंडा कसा आहे, आई?"

"शेंडा बरा हाय. माझा गुडघा इचारलास का?"

त्यांनी हातातलं अवजार खाली ठेवलं आणि गुडघ्याचं विचारलं. सासूबाईंनी गुडघ्याचं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. पेशंटनं तोंड मिटून घेतलं आणि तोही ऐकायला लागला.