आयरिश जागेचं सुतक

ठाण्यातल्या आमच्या आळीतले एक वकील आयर्लंडबद्दल असे बोलायचे, जणू ते मुंब्र्याच्या पलीकडेच आहे. प्रत्येक वाक्याला शेपूट "कळलं?" तिथल्या कुठल्याशा गावाला विलायतेच्या पार्लमेंटात नवी जागा मिळाली, तेव्हा मुलगा झाल्यासारखे पेढे वाटले. काही वर्षांनी ती जागा रद्द झाल्याचं बोटीने आलेल्या विलायती वर्तमानपत्रात वाचलं आणि गृहस्थ तडक मासुंदा तळ्यात बुडी मारून आले.

"हे काय हो?" मी विचारलं.

"सुतक. बातमी उशिरा आली, तेव्हा नुसतं स्नान पुरे. कळलं?"

मला हसू आवरेना. "आणि राणीच्या पार्लमेंटात आपल्या ठाण्याला जागाच नाही, त्याचं सुतक?"

धोतर पिळता पिळता ते थांबले.

"जी जन्मालाच आली नाही, तिचं सुतक कसं पाळू?"