आइस्क्रीमच्या पॉटवर बसून

खडेमीठ दिसलं, की उन्हाळ्यातलं आइस्क्रीमचं पॉट आठवतं. शहागंजच्या बाजारातून बर्फ यायचा, मोठे दीर दांडा फिरवायचे आणि पॉट हलू नये म्हणून वर पोतं टाकून बसायचं काम वजनामुळं माझ्याकडं असायचं. एकदा मी अशीच पॉटवर बसलेली असताना लेक म्हणाली, “प्रचंड दाबाखाली बर्फात मीठ नि वायू अडकले, की त्याची रचनाच बदलते. मला तेच शिकायला पुण्याला जायचंय.” “बर्फात काय शिकायचं? बँकेची परीक्षा दे,” दीर म्हणाले. “नाय देणार, काका.” दीरांपुढं कधी तोंड न उघडलेली मी म्हणाले, “भाऊजी, ती जाणार. नाय तर मी उठते.” पॉट डगमगलं. “अगं, बस! जाऊ दे तिला!” ती गेली. तिचं संशोधन मला आजही निम्मं कळत नाही, पण त्याला कुणी हसलं, तर भांडायला मी पुढं असते.