बोटं दाखवा

हिरवा पडदा ओढायचा, पेशंटसमोर स्टुलावर बसायचं आणि म्हणायचं, "तोंडानं नका सांगू. बोटं दाखवा." अकोल्यातल्या त्या दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या आधी त्यांच्या मदतनीस आपा भेटायच्या. सत्तरीचा पेशंटही त्यांना आपाच म्हणायचा.

प्रश्न ठरलेला. आठवड्यातून किती दिवस दारू? मग तंबाखू-सुपारीचा खर्रा, गांजा, झोपेच्या गोळ्या. पडद्यापलीकडे बाकावर बायको, सासरा, गावातलं कोणीतरी बसलेलं असे. उत्तर त्यांच्या कानावर जाणार म्हटलं की माणूस खोटं बोलतो, म्हणून बोटं. एक बोट म्हणजे एक दिवस. काहीच नसेल तर बंद मूठ.

तुम्हीही पाहिलं असेल, असे प्रश्न माणसाचे कपडे बघून विचारले जातात. आपा हमालाला विचारायच्या त्याच आवाजात प्राध्यापकाला विचारायच्या आणि नऊवारीतल्या आजीलाही. एक जण चिडला, "आपा, तुमाले दारूतलं काय समजते?"

"मले दातातलं तरी कुठं समजे? शिकली. दाखवा बोटं."

माझी त्यांची ओळख भांडणातूनच झाली. मी आमच्या दारूबंदी मंडळाचं पत्रक दवाखान्यात लावायला घेऊन गेले होते. वर कवटी, खाली 'दारुड्यांनो, लाज धरा!' मजकूर माझाच. आपांनी ते पूर्ण वाचलं आणि घडी घालून परत दिलं.

"हे भिंतीले लावलं तं ज्याले सांगायचं हाय तो दारातूनच वापस जाईन, बेटा."

"म्हणजे तुम्ही दारूला पाठीशी घालता!" मी म्हणाले. त्या हसल्या. मला राग आला.

मग बाबांची दाढ दुखू लागली. माझे बाबा गावोगाव सायकलवरून दारूबंदीची पत्रकं वाटत फिरले, लहानपणी कॅरियरवर मी. आपांनी त्यांना प्रश्न विचारला आणि उत्तर मीच दिलं, "त्यांना काय विचारता? आयुष्यभर दारूशी लढलेत ते."

"दाढ त्याईची हाय. तू भायेर बस."

पडदा पुरता सरकला नव्हता. फटीतून बाबांचा हात दिसला. पाच बोटं. मग, जरा थांबून, दुसऱ्या हाताची दोन.

आईला जाऊन वर्ष झालं होतं. एकाच घरात राहून बाबांचं पिणं मला कळलं नव्हतं.

"बरं झालं दाखवलं, भाऊ," आपांचा आवाज तसाच होता. "दाढ काढली अन् रक्त थांबलं नाही तं? आधी तपासणी करू. अन् एकदम बंद नका करू, त्यानंबी तब्येत बिघडते. डॉक्टरले विचारून, हळूहळू."

दाढ महिन्याभरानं निघाली. तरी बाबा आपांकडे जात राहिले. पाच बोटं, तीन, मग एकदम सहा. त्या सहाच्या दिवशी त्या म्हणाल्याचं बाबांनीच पुढे मला सांगितलं, "खरं दाखवलं ना? मंग आजचं झालं." ते पत्रक मी परत छापलं नाही.

या हिवाळ्यात आपा वारल्या. आता दवाखान्यात काउंटरवरच विचारतात, सगळ्यांसमोर, "दारू? हो की नाही?" परवा बाबा दुसऱ्या दाढेसाठी गेले, मी सोबत होते. काउंटरवर ते "नाही" म्हणाले. मग आत जाता जाता त्या हिरव्या पडद्याशी थांबले. रिकाम्या स्टुलासमोर त्यांनी हात वर केला.

मूठ बंद होती.