ऐन निकालाला लाईट गेली

कार्यक्रम सांगणाऱ्या बाईने पाकीट फोडलं, आतला कागद अर्धा बाहेर काढला, आणि डीपीवर, म्हणजे वस्तीच्या ट्रान्सफॉर्मरवर, धाडकन आवाज होऊन टीव्ही बंद पडला. वस्तीवरचे सगळे दिवे गेले.  मग पोरांनी ओरडायला सुरुवात केली आणि मोठ्यांनी शिव्या द्यायला.

टीव्ही माझ्या धाकट्या जावेचा होता आणि टीव्हीत गाणारी पोरगी तिची नात. राहुरीच्या अलीकडे, उसाच्या आणि कांद्याच्या रानात आमची वस्ती आहे. दोन्ही भावांची घरं एकाच अंगणात. पोरगी गाण्याच्या स्पर्धेत शेवटच्या फेरीला पोचली तेव्हापासून ते अंगण आमचं राहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी टीव्ही बाहेर काढून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ठेवला होता. लोक खाली ताडपत्रीवर आणि आम्हा दोघी जावांना खुर्च्या. पोरीचे आईबाप मुंबईला स्टुडिओत बसले होते. जाऊ गेली नाही, कारण तिला गाडी लागते. राहुरीच्या बाजाराला जायचं तरी ती हातात पिशवी धरून बसते.

पोरीच्या बापाने, म्हणजे जावेच्या मुलाने, आधीच ठरवून टाकलं होतं. पहिली आली तर मुंबईत राहून गाणं शिकेल. नाही आली तर घरी यायचं. आमच्या इकडच्याच बेलापूरचं स्थळ आलेलं होतं, मुलगा सरळ, रान बागायती. वस्तीला हे सगळं ठाऊक होतं, त्यामुळे त्या पाकिटात काय आहे याची प्रत्येकाला काळजी होती.

पाकिटाच्या आधी टीव्हीवाल्यांनी आमच्या घराचं चित्रण पुन्हा एकदा दाखवलं. मागे ती माणसं कॅमेरा घेऊन आली होती. घरात गॅस आहे, तरी त्यांनी जावेला अंगणात तीन दगडांची चूल मांडायला लावली, धूर करायला लावला आणि भाकरी थापताना नातीची आठवण काढून रडा म्हणाले. जाऊ म्हणाली, “धुरानं डोळ्यात पानी आलंय तेवढं घ्या. जास्तीचं न्हाई.” टीव्हीत मात्र मागे अशी काही वाजंत्री लावली होती की ताडपत्रीवरच्या बायका डोळे पुसायला लागल्या. त्या चित्रात माझाही एक कोपर दिसला.

आता लाईट का गेली ते सांगते. शेतातल्या पाण्याच्या मोटरीला थ्री फेजची वीज लागते आणि तिची वेळ बदलत असते. त्या आठवड्यात ती जेवणाच्या वेळेला येत होती. आमच्या वस्तीचा डीपी लहान, सगळ्या मोटरी एकदम ओढत नाही. म्हणून ठरलेलं आहे की, एकाने मोटर चालू करायची, ती नीट लागली की दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. त्यासाठी माणूस मोटरीपाशी उभा लागतो. त्या दिवशी कोण जाणार? ऑटो स्विच म्हणून एक असतो. तो लावून ठेवला की लाईट येताच मोटर आपली आपण चालू होते. प्रत्येकाने तो गुपचूप लावला आणि येऊन ताडपत्रीवर बसला. आपण एकट्यानेच लावलाय, असं प्रत्येकाला वाटत होतं. थ्री फेज आली, सगळ्या मोटरी एकदम उठल्या आणि डीपीचा फ्यूज उडाला.

“कुनी ऑटो लावलं हुतं?” शेजारच्या मळ्यातला म्हातारा गरजला.

“म्या न्हाई.”

“म्या बी न्हाई.”

“मंग डीपीनं काय गानं आयकून जीव दिला व्हय?”

“तात्या, सगळ्यात आदी तुमचीच मोटर घुरघुरली. हितवर आयकू आली!”

म्हातारा बॅटरी शोधायला लागला. आधी प्रत्येक मोटरीचा ऑटो बंद करायचा आणि मगच फ्यूज बसवायचा, नाहीतर पुन्हा तेच. गडी माणसं रानात पळाली. मोबाईलवर बघू म्हणणाऱ्यांना रेंज मिळेना, कारण लाईट गेली की आमच्याकडचा टॉवरही मान टाकतो. पोरं बॅटऱ्यांच्या मागे धावली, बायका लेकरांना खाऊ घालायला घरी गेल्या. अंगणात आम्ही दोघी उरलो.

“बाई,” जाऊ म्हणाली.

“काय गं?”

“काय झालं आसंल?”

“मला काय टीव्हीवाल्यांनी कानात सांगून ठिवलंय?”

तिने खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग म्हणाली, “हरली आसली तर लई बरं व्हईल.”

मला वाटलं, मीच चुकीचं ऐकलं. पण नाही.

“घरी यील,” ती म्हणाली. “बेलापूर काय लांब न्हाई. सनाला यील, दुखलंखुपलं तर यील. मुंबईला म्या कशी जाऊ? सगळ्या रस्त्यानं वकत वकत जाऊ व्हय नातीला भेटायला?”

अंगावरचं दूध सुटल्यापासून पोरगी तिच्या कुशीत झोपलेली. अंगाने मोठी झाली, कॉलेजला जायला लागली, तरी रात्री आपली गोधडी घेऊन आजीकडेच. स्पर्धेला गेल्यापासून जाऊ दोन-दोनदा उठून दाराची कडी बघायची. मला हे माहीत होतं. पण हरावी, इथपर्यंत गेली असेल असं वाटलं नव्हतं.

मी म्हटलं, “मंग देवाला तसं सांगायचं.”

“सांगितलं की. सकाळीच नारळ फोडला.”

“तो जिंकायचा हुता ना?”

“लोकांला तसं वाटलं.”

“तू लई बेकार बाई हायस,” मी म्हटलं.

“हाय,” ती म्हणाली.

लाईट आली तेव्हा टीव्हीवर साबणाची जाहिरात चालू होती. ती संपली आणि दुसराच कार्यक्रम लागला. माणसं चिखलाच्या पायाने धावत आली आणि टीव्हीकडे बघत उभी राहिली. हळूहळू रेंज आली आणि जावेचा फोन वाजला. तिचा मुलगा होता. कोणीतरी फोनचा आवाज मोठा केला.

“आई, दुसरी आली.”

सगळ्या अंगणाने एकदम श्वास सोडला. “दुसरी म्हंजी काय कमी हाय व्हय?” असं एक जण म्हणाला, पण कोणी साथ दिली नाही. मी जावेकडे बघितलं. तिने मागितलं होतं तेच तिला मिळालं होतं, आणि ती खुर्चीत ताठ बसून होती.

मग पोरगी फोनवर आली.

“आज्जे.” पुढे तिला बोलता येईना. नुसतं नाक ओढल्याचा आवाज.

“जेवलीस का?”

“न्हाई.”

“तोंडाचा रंग धू आन् आदी जेव.”

“आज्जे, पप्पा म्हनत्यात उद्या घरी जायचं.”

जाऊ काही बोलली नाही. एवढा वेळ बोलली नाही, की कोणीतरी फोन कट झाला का बघायला पुढे आलं. तिने त्याचा हात बाजूला केला.

“तुला काय करायचंय?”

“शिकायचंय.”

“बापाकं दी.”

मुलगा आला. “बोल आई.”

“बेलापूरवाल्यांला न्हाई म्हून सांग. पोरगी तिथंच ऱ्हाईल.”

“आई, तुला त्यातलं काय कळतंय? पयली आली आसती तर येगळं हुतं. आता तिला तिथं कुनाच्या भरवशावर ठिवायचं?”

“गान्यातलं मला काय बी कळत न्हाई. ती कशापायी रडतीय ते कळतंय. तिच्या आईला ठिव तिच्यापाशी. तू एकला ये, तुला म्या भाकरी घालीन. पोरीला बळं घिऊन आलास तर दारात उभा ऱ्हाऊ देनार न्हाई.”

फोन बंद कसा करायचा हे तिला येत नाही. तिने तो माझ्या मांडीवर ठेवला. त्यातून मुलगा अजून “आई, आई” करत होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारचा म्हातारा म्हणाला, “आजीला नातीच्या गान्याची हौस लई.” नारळाचं मी कोणाला सांगितलं नाही. बोलायचं तिने मला सांगितलं नव्हतं. पुढे काही महिन्यांनी तिनेच नारळाची गोष्ट सगळ्यांना सांगितली आणि वर स्वतःच हसली, म्हणून मीही लिहिते.

पाणी द्यायला माणसं रानात गेली. या वेळी ठरल्याप्रमाणे, एकामागून एक. टीव्ही आत न्यायला कोणीच थांबलं नाही. मग त्याच्यावर पोतं टाकून आम्ही जेवायला बसलो. तिने अर्धी भाकरी खाल्ली आणि उरलेली कुत्र्याला घातली.

पोरगी मुंबईतच शिकते. तिची आई तिच्यासोबत राहते, बाप येऊन-जाऊन असतो. दिवाळीला पोरगी चार दिवस आली आणि आजीच्या कुशीतच झोपली. जाऊ मुंबईला अजून गेलेली नाही. एकदा निघाली होती, पण राहुरीलाच उतरून परत आली.

नात हरावी असं ती म्हणाली तेव्हा अंधारात, अंगणात आम्ही दोघीच जावा होतो. ती आणि मी.