अजीजुन्निसानं उकळलेला दोरा

सोनाळ्याच्या अजीजुन्निसाचं घर पिंजाऱ्याचं. कापूस पिंजायच्या धनुकलीची तात, म्हणजे तिची दोरी, ताणण्यात तिचा जन्म गेला. त्यामुळं लेक महेजबीन शाळेत तिरंदाजी शिकू लागली, तेव्हा धनुष्याची दोरी करणं तिला परकं वाटलं नाही. फळीवर दोन खिळे ठोकायचे, त्यांच्याभोवती दोऱ्याचे नऊ फेरे घालायचे, टोकं बारीक दोऱ्यानं गच्च गुंडाळायची, वरून मेण चोळायचं. तिच्या लाल-हिरव्या दोऱ्या नांदुऱ्याच्या पोरीही मागून नेत.

त्या साली बोंडअळीनं बीटी कापसाची बोंडं आतून पोखरली. असल्या डागी कापसाची गादी कोण भरून घेणार? नवरा गफ्फार म्हणाला, "सोमवारी सुरत. तिघंही. पोरगीही कारखान्यात लागंल."

अजीजुन्निसानं रडून-भेकून एवढंच पदरात पाडून घेतलं, की रविवारी नांदुऱ्याला होणाऱ्या तिरंदाजीच्या निवडीत महेजबीनचं नाव आलं तर ती क्रीडा वसतिगृहात जाईल. राहणं, जेवण, शाळा, सगळं तिथंच.

लेकीची जुनी दोरी पांढरी, मळकी. शहरच्या पोरींत आपली पोर उणी दिसू नये, एवढंच आईच्या मनात. रंगीत रिळं नांदुऱ्याच्या पोरींच्या दोऱ्यांत संपलेली, पांढरं एक उरलं होतं. गोधडीचा दोरा रंगवावा तसा तिनं तो दोन पातेल्यांत रंग अन् मीठ टाकून उकळायला ठेवला. रंग काही धरेना. तिनं आणखी उकळला, आणखी उकळला. शेवटी फिका लाल, फिका हिरवा उतरला. शनिवारी दिवेलागणीला दोरी झाली. पहाटे महेजबीन ती घेऊन नांदुऱ्याला गेली.

पिंजाऱ्याच्या घरी नवी तात आधी वजन बांधून ताणायला टांगतात. या दोरीला तेवढा वेळच मिळाला नव्हता. सकाळी अजीजुन्निसानं ताण धरतो का पाहायला उरल्या दोऱ्याची दुसरी दोरी केली, आढ्याला टांगली, खाली वरवंटा बांधला. भाकरी थापून मागं पाहते तर वरवंटा जमिनीला टेकलेला.

"अजी, पाहा नं हे!" तिनं नवऱ्याला हाक मारली.

गफ्फारनं दोरी बोटावर ओढून पाहिली. "कापूस समजली काय व? प्लास्टिकचा दोरा हाय हा. उकळून जीव घेतला त्याचा."

शाळेतल्या तिरंदाजीच्या सरांचा फोन नुसता वाजत राहिला. अजीजुन्निसानं जुनी दोरी ओढणीच्या गाठीत बांधली अन् मिळेल त्या जीपनं संग्रामपूर गाठलं, तिथून एसटी. वाटभर ओठांवर एकच दुआ, 'या अल्लाह, माझ्या चुकीची सजा तिले नको.'

ती पोचली तेव्हा निम्मे बाण सुटले होते. महेजबीनच्या हनुवटीवर, दोरी ओढून टेकवायची तिथं, दोरीच्या रंगाची लाल रेघ उमटलेली. शेजारची पोरगी हसत होती, "काऊन व, होळी खेळून आली का?"

"अम्मी, माह्या हातात दमच नाई," महेजबीन धनुष्य खाली टेकवत म्हणाली. "कितीबी वर धरलं तरी बाण खालीच जाऊन राह्यले."

"हात नाई बेटा. दोरी सैलावली. मीच उकळली ते. हे जुनी चढव."

जुनी दोरी चढवल्यावर बाण निशाणाच्या मधल्या पिवळ्यात बसू लागले. पण मागचे गुण कुठून येणार? चार नावं वाचली गेली. महेजबीन पाचवी.

अजीजुन्निसा पंचांच्या टेबलापाशी गेली. "साहेब, चूक माही हाय. पोरीले पुन्हा एक डाव द्या."

"बाई, कागदावर गुण चढतात. दोरी कोणी केली ते नाही चढत," पंच हळूच म्हणाले.

परतीच्या एसटीत महेजबीन खिडकीच्या गजाला डोकं टेकून बसली होती. हनुवटीवरची रेघ पुसत म्हणाली, "अब्बाले दोरीचं नको सांगजो. माहाच हात चुकला म्हण. तुले बोलतीन ते."

"त्याईनं सकाळीच पाह्यलं बेटा."

दारात गफ्फार उभा होता. त्यानं दोघींचे चेहरे पाहिले. "मंग उद्याचीच गाडी," म्हणाला, अन् गादीची वळकटी बांधायला घेतली. अजीजुन्निसा वळकटीचं दुसरं टोक धरायला खाली बसली.